तुझे टायर, माझं पोट

दिगू,

तुझ्या पिंडाला कावळा इतक्या पटकन शिवला की मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. कायगावच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही मागं सरलो, आपले आबा अजून धोतराचा सोगा सावरत होते आणि तो आलाच. वरच्या लिंबावरून उतरला, भाताला चोच मारली आणि निघून गेला. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता. त्यांची माणसं सकाळपासून हात जोडून उभी होती. पोरीचं लग्न थाटात करू म्हणून झालं, विहिरीचं काम पुरं करू म्हणून झालं, तरी त्यांच्या पिंडाकडं एकही कावळा फिरकत नव्हता. आमच्याकडं बघून त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "नशीबवान जीव. काई मागं ठेवलं नाय बघा त्यानं."

सगळ्यांना बरं वाटलं. तुझी वैशू त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली. भटजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे. मी मात्र पाण्याच्या कडेला उभी राहून मनातल्या मनात तुझ्यावर ओरडत होते, की हे खोटं आहे. तुझी इच्छा राहिली होती आणि ती मला माहीत होती. मी घरूनच शब्द जुळवून आले होते. कावळा अडला की सगळ्यांसमोर बोलायचं, दिगू, तुझ्या गाडीचे नवे टायर मी खुलताबादच्या घाटात नेऊन बघते, मग तू जा. लोक हसले असते तर हसले असते. तू तेवढीही सवड दिली नाहीस. गाडीत बसायला मला उशीर होतो म्हणून दर रविवारी दारात हॉर्न वाजवायचास, तिथंही तेच केलंस.

मी एवढ्यावरही गप्प बसले असते. पण घरी आल्यावर आबांनी अंगणात बसून निकाल दिला, गाडी विकायची. वैशूला नवऱ्याची गाडी दारात बघवत नाही, आणि तिचं चुकतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आबा म्हणाले, "त्याचा जीव गाडीत आसता तर कावळा आडला आसता. न्हाय आडला. मंग आपण कशापाई आडायचं?" कावळ्यापुढं माझं काय चालणार, सांग. मी एवढंच म्हणाले की आबा, नवे टायर अजून बघायचे राहिलेत. ते म्हणाले, "आक्का, तू दोन घास खा बरं."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलंय. वाटू दे. तुझ्यामाझ्यात त्या गाडीचं काय होतं ते आपण कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पडेगावच्या रानाचा तुकडा रस्त्यात गेला आणि मोबदला हातात आला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी उंच उंच गाड्या घेतल्या, काचेवर आडनावं लिहून घेतली. तू पुण्याच्या कुणा डॉक्टरची जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आलास. छत उघडतं, बूड जमिनीला टेकतं. आबांनी तिला एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात पेंडीचं पोतं कुठं बसंल?" तू शांतपणे म्हणालास, "पोतं नाय आबा, आक्का बसंल." मी तेव्हा लई हसले. मला वाटलं, चेष्टा करतोयस.

चेष्टा नव्हती. दुसऱ्याच रविवारी तू माझ्या दारात हजर. माझ्या घरातले सगळे खिडकीतून बघतायत आणि मी साडी गोळा करून त्या खड्ड्यात उतरतेय. दौलताबाद रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तू म्हणायचास, "आक्का, उतर गं जरा." मी उतरायची, वजन हलकं झालं की गाडी पोट न घासता पलीकडं जायची, मग मी चालत जाऊन परत बसायची. माझ्या शाळेतली पोरं रस्त्यात दिसली की विचारायची, "बाई, गाडी बंद पडली का?" मी म्हणायची, नाही रे, चालू आहे म्हणूनच उतरले. तू स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायचास.

तुला मी गाडीत कशासाठी पाहिजे होते ते मला उशिरा कळलं. तुला माझं पोट पाहिजे होतं. लहानपणी पिशोरला मामाकडं जाताना एसटीत मला उलटी व्हायची. आईनं सगळे उपाय करून बघितले, लिंबू हुंगवलं, पुढच्या बाकावर बसवलं. उपयोग फक्त तुझा व्हायचा. तू समोर उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत राहायचास. मला मळमळायला लागायच्या आधी माझा वरचा ओठ पांढरा पडतो, हे मलाही माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. तू कंडक्टरकडं धावायचास, "मास्तर, थांबवा, आक्काचा व्हट पांढरा झालाय." आणि एसटी थांबायची. एवढ्याशा पोराच्या शब्दावर सगळी एसटी थांबायची.

मोठेपणी तेच तू गाडीला लावलंस. दौलताबाद सोडून खुलताबादकडं घाट चढताना ते मोठं वळण येतं, तिथं तुझ्या गाडीची मागची बाजू किंचित सरकायची आणि परत जागेवर यायची. तुला ते हाताला कळायचं, पण खात्री पटायची नाही. मग तू माझ्या ओठाकडं बघायचास. "आक्काच्या पोटाला जे कळतं ते कुठल्याच मीटरला कळत नाय," असं तू टायरवाल्याला सांगितलंस, आणि तो बिचारा माझ्या पोटाकडं बघायला लागला. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन बसले.

वळणानंतर तू विचारायचास, "काय वाटलं?" मी म्हणायची, "बरंय." तू चिडायचास. "बरंय म्हंजी काय, आक्का? चपातीला बी बरंय, टायरला बी बरंय. नीट सांग ना." मला खरंच नीट सांगता यायचं नाही. शाळेत पोरांना शब्द शिकवते, पण पोटात काय होतं त्याला माझ्याकडं शब्द नव्हते. आता सुचतायत. आता रोज सुचतात, भांडी घासताना, हजेरी घेताना, आणि ऐकायला तू नाहीस.

जुने टायर गुळगुळीत झाले होते म्हणून तू नवे मागवले. साधे नाही, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसल्या मऊ रबराचे, रस्त्याला धरून राहणारे. ते आले त्या दिवशी तू मला फोन करून बोलावून घेतलंस. मला वाटलं घरात काही झालं. तू अंगणात उकिडवा बसून टायरवर नख दाबत होतास. "बघ, वळ उमटतो. आता तुला उलटी झाली तर नाव बदलीन." वैशूनं चारी टायरांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. तू लगेच जोरात चालवायला निघशील असं मला वाटलं होतं. नाही. नव्या टायरला कारखान्यातला बुळबुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत हळू चालवायचं असतं, असं म्हणून तू कितीतरी दिवस म्हशीच्या चालीनं छावणीपर्यंत जाऊन येत राहिलास. पाठीमागं रिक्षावाले हॉर्न मारायचे. वाट बघायचा एवढा धीर तुझ्यात कुठून आला होता, आणि तो कुणासाठी राखून ठेवला होतास?

मग तो रविवार ठरला. मी शाळेतले खडू आणले होते. ते आपलं नेहमीचं काम, टायरच्या कडेवर खडूनं आडव्या रेघा मारायच्या, वळण घेऊन आलं की खडू कुठपर्यंत पुसला ते बघायचं. कडेला बारका त्रिकोण असतो. पुसलेलं त्रिकोणापर्यंत आलं तर हवा बरोबर, त्याच्या पुढं गेलं तर कमी. मी चारी टायरांना रेघा मारल्या. तू हवा भरलीस. ऊन कोवळं होतं, वैशू आत चहा गाळत होती, आबा म्हशीपाशी होते.

आणि आपलं भांडण झालं. भांडण कसलं, रोजचंच. मी आवळा सुपारी आणायला आत निघाले, तर तू म्हणालास, "आज सुपारी नको."

"का म्हणून?"

"सुपारी खाल्लीस तर कळंल कसं? सुपारी चांगली का टायर चांगले?"

"तुझ्या टायरापायी मी रस्त्यावर ओकू व्हय?"

"आक्का, एक डाव. एकच डाव माझं ऐक."

मी ऐकलं नाही. आत गेले, फडताळातली डबी काढली, सुपारी तोंडात टाकली. बाहेर आले तेव्हा तू पुढच्या डाव्या टायरला टेकून खाली बसला होतास, हवेचं मीटर मांडीवर. मला वाटलं, टायर बघतोयस. मी म्हणाले, चल, ऊठ, आता कोण उशीर करतंय. तोंडात सुपारी होती म्हणून तुझं नाव मला नीट उच्चारताही आलं नाही. दिगू, मी तुला शेवटची हाक मारली ती अशी बोबडी. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं काय काय सांगितलं ते सगळे ऐकत होते, मी नाही. माझ्या गालात ती सुपारी तशीच होती. थुंकायची कुठं ते कळेना.

तुला घाई कसली होती रे? मी आत जाऊन बाहेर यायची तेवढी कळ काढवली नाही? म्हशीच्या चालीनं टायर फिरवणारा माणूस तू.

सगळे म्हणतात, गेलेल्या माणसाला असं टोचून बोलू नये. मग कुणाला बोलू? आबांना बोलले तर ते डोळे मिटून घेतात. वैशू त्या टायरांकडं अशी बघते जशी त्यांनीच तुला नेलं. गाडीवर कव्हर घातलेलं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी ते उचललं. खडूच्या रेघा तशाच होत्या, माझ्या हातच्या, सरळ, एकही पुसलेली नाही. मी तिथंच बसून राहिले. मग चावी आणली, उजव्या सीटवर बसले, गाडी सुरू केली. तूच शिकवलं होतंस. फाटकापर्यंत नेली आणि एकदम आठवलं, चालवणाऱ्याला कधी मळमळत नाही. हेही तूच सांगितलं होतंस. मी चालवली तर माझ्या पोटाला काहीच कळणार नाही. तुझे टायर बघायचे तर मला डाव्या सीटवरच बसलं पाहिजे, आणि उजव्या सीटवर तू नाहीस. मी फाटकात गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून, जिथं तू हसायचास तिथं, इतकी रडले की शेजारच्या बायका धावत आल्या.

गिऱ्हाईक आलं ते तुझ्या ओळखीचंच. कूलरचं दुकान आहे तो इम्रान, जो सिग्नलला आपल्या गाडीशेजारी मोटरसायकल लावून कौतुकानं बघत राहायचा. आला तोच डोळे पुसत आला. "ताई, दिगूभाईकू मैं कित्ती बार बोल्या, बेचना हुआ तो मेरेकूच देना. पर ऐसे नको था." आबांनी त्याला चावी दिली आणि म्हणाले, एक चक्कर मारून बघा. मी चप्पल घातली.

"ताई, तुमी कायको? मैं जाके आता ना."

"मी बसणार."

वैशूनं मान फिरवली. फडताळातल्या डबीला मी हात लावला नाही. ऐकतोयस ना? सुपारी खाल्ली नाही. तुझंच खरं केलं.

पहिल्या स्पीडब्रेकरला मी म्हणाले, थांबवा, आणि उतरले. इम्रानला वाटलं मला परत जायचंय. मी चालत पलीकडं जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याला उमजलं. पुढच्या ब्रेकरला त्यानं न सांगता गाडी थांबवली. दौलताबादला सीताफळवाल्या बायकांनी लाल गाडी ओळखली, टोपली घेऊन पुढं आल्या आणि उजव्या सीटवर दुसरंच तोंड बघून थबकल्या. येताना तू टोपली माझ्या मांडीवर ठेवायचास, घरी येईस्तोवर साडीला डाग पडायचे. त्या डागांवरून मी तुला किती बोलले असेन.

घाट सुरू झाला तसा इम्राननं वेग कमी केला. मी म्हणाले, "हळू नको."

"नक्को ताई, मेरा हाथ बैठा नहीं अबी."

"दिगू घ्यायचा तसं वळण घ्या. त्याची मोठी बहीण आहे मी, सांगते तेवढं ऐका."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि घेतलं. मोठं वळण आलं. मी डोळे उघडे ठेवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, आणि तो सरकायचा क्षण येतोय म्हणून वाट बघत राहिले.

तो आलाच नाही, दिगू. आता नीट सांगते, तुला पाहिजे होतं तसं. आधी गाडी वळणावर जरा निसटायची आणि मग सावरायची, आणि माझं पोट निसटताना गाडीबरोबर जायचं, पण सावरताना मागंच राहायचं. त्यातच मला व्हायचं. या वेळी ते निसटणंच नव्हतं. रबर रस्त्याला धरून होतं. गाडी वाकली नाही, दचकली नाही, पाळण्यातलं पोर न उठता पाळणा सरकवावा तशी वळली. माझ्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. मी सवयीनं उजवीकडं मान वळवली. तू ओठाकडं बघत असशील, तुला म्हणायचं होतं, बघ, लाल आहे ना? तिथं इम्रानचा कान होता. तो समोर रस्त्याकडं बघत होता, जसं बघायला पाहिजे तसं.

वर गेल्यावर गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून टायरपाशी बसले. इम्रानला वाटलं मला उलटी होतेय, तो पाण्याची बाटली घेऊन धावला. मी पुढचा डावा टायर बघत होते, ज्याला तू टेकला होतास तो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला होता, त्याच्या पुढं जराही नाही. तुझ्या हातची हवा बरोबर होती. टायर चांगले होते. तू प्रत्येक बाबतीत बरोबर होतास आणि हे तुला सांगायला माझ्याकडं जागा नाही. मी घाटातल्या त्या झाडांकडं, खालच्या दौलताबादच्या किल्ल्याकडं बघितलं. कुणाला सांगू? एक कावळासुद्धा नव्हता तिथं.

इम्राननं विचारलं, "टायर कैसे लगे, ताई?"

मी म्हणाले, "बरंय."

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. मला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. घरात, शाळेत, माझा ओठ पांढरा पडतो की निळा, कोण बघतं? सगळ्यांना आक्काकडून काहीतरी पाहिजे असतं, आणि मी देते. आठवड्यातून एकदा, एका वळणावर, एक माणूस माझ्या तोंडाकडं बघून विचारायचा, आक्का, काय होतंय का. तेवढ्यासाठी मी त्या खड्ड्यात उतरत होते, ब्रेकरवर चालत होते, पदराला सीताफळाचे डाग पाडून घेत होते. मला वाटायचं तुला ते माहीत आहे. आता वाटतं, सांगायला पाहिजे होतं. आता त्याचं करू काय?

बाकी सगळं मग भराभर झालं. इम्राननं आबांच्या पाया पडून चावी घेतली. वैशूनं हळदकुंकू लावलं, न बघता. मी म्हणाले, टायरला हात लावू नका, हवा आहे तेवढीच ठेवा. तो "हौ ताई" म्हणाला. गाडी फाटकातून बाहेर पडली, उजवीकडं वळली, रस्त्यावरच्या पहिल्या ब्रेकरला थांबली. मला तिथून दिसत होतं. उतरायला डाव्या सीटवर कुणी नव्हतं. ती जराशी थांबली, मग बूड घासत पलीकडं गेली.

आणि अंगणात उभ्या उभ्या, पायाखालची जमीन जराही हलत नसताना, मला मळमळायला लागलं. घाम फुटला. मी मोगऱ्याच्या वाफ्यापाशी वाकले आणि लहानपणी व्हायची तशी उलटी झाली, थांबेचना. आबा तांब्या घेऊन आले. त्यांनी माझं कपाळ धरलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडं निरखून बघितलं.

"व्हट बघ कसा पांढराफट पडलाय तुझा. कशाला बसलीस त्या गाडीत?"

मी चूळ भरली. "गाडीनं नाय झालं, आबा," मी म्हणाले. "टायर लई चांगलेत."